पोटविकार : निदान व उपचार (पोखर्णी परिसर)

पचनसंस्था तोंडापासून सुरू होते आणि गुदद्वारापाशी संपते. शवविच्छेदनात मोजली तर ही वाट साधारण ९ मीटर भरते. जिवंत माणसात स्नायू आवळलेले असल्यामुळे ती बरीच आखूड असते. वाटेत लाळ, जठरातले आम्ल, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नाला येऊन मिळतात, आणि एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, जेवण या टोकाचे त्या टोकाला पोचते. पाठ्यपुस्तक इथे थांबते. परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णी परिसरात मात्र या संस्थेत आणखी काही अवयव धरावे लागतात : घरातली म्हातारी, शेजारीण, पारावरची मंडळी, मुक्कामाला आलेला पाव्हणा, मेडिकलवाला आणि सर्वांत शेवटी डॉक्टर. पोट एकाचेच बिघडते, पण निदान या सगळ्यांतून पुढे सरकत जाते आणि त्याला जेवणापेक्षा जास्त वेळ लागतो.

पोखर्णी परभणी–परळी लोहमार्गावर आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळे स्टेशनचे नावही पोखर्णी नृसिंह असेच आहे. या दैवताचा पोटाशी आलेला संबंध पुराणप्रसिद्ध आहे. हिरण्यकशिपूने वर मागताना घातलेल्या अटी मोठ्या कडक होत्या : दिवस नको, रात्र नको; घरात नको, बाहेर नको; जमिनीवर नको, आकाशात नको; शस्त्र तर नकोच. त्यामुळे तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी पोट उघडावे लागले. इतक्या अटी पाळून झालेली पोटाची दुसरी शस्त्रक्रिया नोंदलेली नाही. रोगी बरा व्हावा हा तिचा हेतू नसल्यामुळे उपचारांच्या प्रकरणात तिचा याहून अधिक विचार करण्याचे कारण नाही.

तक्रारीपासून सुरुवात करावी लागते. ‘पोट दुखायलंय’ एवढीच ती असते. शरीरशास्त्र पोटाचे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांनी नऊ भाग पाडते. रोगी तळहात गोल फिरवून नऊच्या नऊ भाग एकदम दाखवतो. हे अगदीच निरुपयोगी नसते. पूर्ण तळहात फिरला तर दुखणे आतल्या पोकळ अवयवाचे असण्याचा संभव असतो. एका बोटाने नेमकी जागा दाखवली तर पोटाच्या अस्तरापर्यंत सूज आल्याची शंका घ्यावी लागते. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली उतरते. हे उतरणे ओळखायचे तर रोग्याकडे काही तास बघत राहावे लागते. घरात बघणारे भरपूर असतात, पण सगळे एकाच वेळी बोलत असतात.

रोगी कसा पडला आहे यालाही महत्त्व आहे. मूतखड्याची किंवा आतड्याची कळ आलेला माणूस स्वस्थ बसू शकत नाही. गडाबडा लोळतो, उठतो, फेऱ्या घालतो, देवाचा धावा करतो. पोटात काही फुटून अस्तराला सूज आली असेल तर माणूस गप्प पडून राहतो, कारण हलले तरी कळ येते. डॉक्टर या दुसऱ्याला आधी हात लावतो. घरचे लोक उलट करतात. लोळणाऱ्यासाठी जीप बोलावली जाते आणि गप्प पडलेल्याबद्दल ‘आता जरा डोळा लागलाय, उठवू नका’ असे सांगून दार लोटून घेतले जाते.

यानंतर इतिहास घ्यायचा. पहिला प्रश्न ‘काय खाल्लं व्हतं?’ हा असतो आणि तो विचारायला वैद्यकीय परवाना लागत नाही. उत्तर ‘काही नाही’ असे येते. या ‘काही नाही’त सकाळचा मुरमुऱ्यांचा सुशीला, दोन वेळचा चहा, भावकीतल्या लग्नातली पंगत, तिथली वांग्याची भाजी, आग्रहाची बुंदी आणि ‘नुसतं चाखून बघितलेलं’ मठ्ठ्याचे पातेले यांचा समावेश होतो. चौकशी वाढवल्यास रोगी चिडतो, आणि बायकोने तोंड उघडल्यास दुखणे वाढते. म्हणून अनुभवी डॉक्टर खाण्याचे विचारतच नाहीत, पंचांग बघतात. पौषात रोगी आला की हुरडा. शेतावर आगटी पेटवून भाजलेली कोवळी ज्वारी लसणाच्या चटणीशी खाताना ती किती पोटात गेली हे हात मोजत नाही आणि वर बोरे, ऊस, गूळ यांना वेगळे धरण्याची पद्धत नाही. वैशाखात लग्ने आणि आमरस. पावसाळा लागला की जुलाब, ज्याला ‘पाणी बदललं’ असे म्हणतात. खरे म्हणजे पाणी बदलत नाही, मिसळते. पुराचे आणि नालीचे पाणी आडात आणि पाइपात शिरते. त्यासाठी ग्रामपंचायत टाकीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकते. पण पाण्याला वास येतो म्हणून लोक शेजारच्या शेतातल्या विहिरीचे ‘गोड’ पाणी आणून पितात आणि दवाखान्यात येतात.

उपवासाचा वेगळा विचार करावा लागतो, कारण रोग्याच्या हिशेबात उपवास म्हणजे पोटाला विश्रांती. विश्रांतीत साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, रताळी, बटाट्याचा कीस आणि दह्याची वाटी असते. नृसिंह जयंतीच्या वैशाख शुद्ध चतुर्दशीला उन्हाचा कहर असतो, आणि रिकाम्या पोटी तळलेले शेंगदाणे कहरात भर घालतात. भगरीत विनोदाला जागा नाही. दमट राहिलेल्या भगरीत किंवा तिच्या पिठात बुरशी वाढते आणि तिच्या विषाने उलट्या, चक्कर, हातापायाला कंप असा त्रास होतो. महाशिवरात्र, नवरात्र अशा उपवासांच्या दिवसांत मराठवाड्यात एकाच वेळी अनेकांना अशी बाधा झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. सुटे पीठ न घेता भगर निवडून, धुऊन, वाळवून, त्याच दिवशी दळावी हा उपाय सोपा आहे, आणि सोपा असल्यामुळेच मागे पडतो.

घरगुती निदान म्हातारीकडे असते. तिची बैठक आयुर्वेदाची आहे आणि ती पक्की असते. जठराग्नी चार प्रकारचा : सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. कोठा तीन प्रकारचा : मृदू, मध्यम आणि क्रूर. सुनेचा अग्नी मंद आणि मुलाचा कोठा नाजूक, हे निदान लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात झालेले असते. पुढे फक्त औषध बदलते. ओवा, सैंधव, सुंठ, जिरे, बाळंतशोपा, पादेलोण आणि हिंग यांवर हा दवाखाना चालतो. हिंगाबरोबर आणखी सात द्रव्ये घालून होणारे हिंग्वाष्टक चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर घ्यायचे असते; प्रत्यक्षात ते शेवटचा घास घशाशी आल्यावर आठवते. तान्ह्या बाळाला मुरडशेंग उगाळून देतात, कारण शेंग मुरडलेली आणि पोटातही मुरडाच. या औषधांतली बरीचशी निरुपद्रवी आहेत, काही उपयोगीही आहेत, आणि म्हातारीच्या हाताचा पोटावरून फिरणारा स्पर्श यांपैकी कोणत्याही डब्यात नसतो.

बेंबी सरकणे हा आधुनिक वैद्यकाला न सापडलेला रोग आहे. बेंबीवर बोट दाबले की ठोका लागतो; तो मधोमध लागला तर ठीक, बाजूला लागला तर बेंबी सरकली. हा ठोका पोटातल्या महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून खाली उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा असतो. ती कण्याला लगटून असते आणि ओझे उचलल्यामुळे सरकत नाही. उपचारात पायाचे अंगठे ओढतात, किंवा पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालतात. हवा तापून निवली की तांब्या पोटाला चिकटून बसतो. तासाभरात बरे वाटते, कारण साधी कळ तासाभरात जातेच. तांब्या तेवढ्या वेळात वर आलेला असल्यामुळे श्रेय त्याला मिळते.

कावीळीच्या माळेचेही असेच. गळ्यात घातलेली माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते असे मानतात. माळेच्या गाठी सैल होत जातील अशाच मारलेल्या असतात. दूषित पाण्याने होणारी कावीळ, म्हणजे यकृतदाहाचे अ आणि ई हे प्रकार, बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ आणि यकृत आपापल्या गतीने चालतात आणि साधारण एकाच वेळी पोचतात. अडचण तेव्हा येते जेव्हा पिवळेपणा पित्ताच्या नळीत अडकलेल्या खड्याचा किंवा गाठीचा असतो, किंवा रोगी गरोदर बाई असते. गरोदरपणात ई प्रकार जिवावर बेततो. तिथे माळ लांबत राहते आणि वेळ कमी होत जातो. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला बिब्ब्याचे किंवा तापल्या लोखंडाचे चटके देण्याच्या प्रकाराबद्दल एवढेच सांगायचे, की तो उपचार नसून जखम आहे.

घराबाहेर पडल्यावर निदान सार्वजनिक होते. पारावर, एसटीत, परळी गाडीच्या डब्यात पोटावर हात ठेवून बसलेला माणूस दिसला की शेजारचा विचारतो आणि उत्तर पूर्ण होण्याआधी सांगतो, ‘आमच्या साडूला अस्संच झालतं.’ साडूचे पुढे काय झाले याची दोनच उत्तरे आहेत : ‘दोन दिवसांत खडखडीत’ किंवा ‘मग काय, गेला की.’ मधली अवस्था साडूंना नसते. उपाय मात्र दोन्ही साडूंनी केलेला एकच सांगितला जातो.

या सर्व मंडळींचे एका गोष्टीवर एकमत असते, की हा गॅस आहे. छातीत दुखले तर गॅस छातीत चढला, पाठीत दुखले तर गॅस धरला, डोके दुखले तर गॅस डोक्यात गेला. गॅसला शरीरात कुठेही जाण्याची मुभा आहे. फक्त ज्या वाटेने तो खरोखर जातो तिचे नाव चारचौघांत घेत नाहीत. हे निदान लोकप्रिय होण्याचे कारण उघड आहे. गॅस कोणालाही होतो, त्यात कोणाची चूक नसते, खर्च दोन-पाच रुपये येतो आणि परभणीला जावे लागत नाही. पण हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका नेमका पोटाच्या वरच्या टोकाला, मळमळ आणि घाम घेऊन येतो. मधुमेही माणसात तर नुसती अस्वस्थता असते. चाळिशीच्या पुढच्या माणसाला दरदरून घाम फुटून, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाऊन ‘गॅस’ झाला, तर सोडा पाजून ढेकराची वाट बघण्याऐवजी ईसीजी काढावा. ढेकर आला म्हणजे हृदय सुटले असे होत नाही.

मेडिकल दुकानात ‘गॅसची गोळी’ एवढ्या चिठ्ठीवर काम भागते. जठरातले आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा इतिहास खरे तर मोठा आहे. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन निघाले आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच सुमारास त्याहून जोरकस असे ओमेप्रॅझोल बाजारात आले. या दुसऱ्या वर्गाची गोळी जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. ती भरपेट जेवून, चहाबरोबर घेण्याचा प्रघात पडला आहे, आणि गुण आला नाही की कंपनी बदलतात. दुसऱ्या बाजूला कंबर, गुडघे, डोके यांसाठी याच दुकानातून सुटी नेलेली दुखण्याची गोळी असते. दिवसभर खुरपणी करून रिकाम्या पोटी घेतलेल्या या गोळ्या जठरात जखमा करतात. एक पुडी अल्सर करते, दुसरी तो झाकते. दोन्ही एकाच कागदी पाकिटात मिळतात.

डॉक्टरपर्यंत रोगी पोचतो तेव्हा त्याला निदान नको असते, ते झालेले असते. त्याला सलाईन हवे असते. डॉक्टर जीभ बघतो, डोळे बघतो, पोट ठोकतो, दाबतो, आतड्याचे आवाज ऐकतो; ही सारी प्रस्तावना समजली जाते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. जुलाबाच्या रोग्याला गिळता येत असेल, तर त्याहून चांगले काम जलसंजीवनीची पुडी करते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून पाजून हजारो माणसे वाचवली. आतड्याला साखरेबरोबर मीठ आणि त्यामागून पाणी शोषून घेता येते, एवढ्या एका गोष्टीवर हे चालते. ‘लॅन्सेट’ने १९७८ साली या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. लहान मुलाला सोबत १४ दिवस झिंक द्यायचे. तरीही गावात पुडीला मान नाही. ती फुकट मिळते, सुई टोचत नाही, उलटी टांगता येत नाही आणि तिच्या खाली झोपलेल्या माणसाला बघायला कोणी येत नाही.

पुढची पायरी परभणी. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही निजामाच्या राज्यापासूनची म्हण पोटाच्या रोग्याइतकी चपखल कोणाला लागू पडत नाही. गावात बनले तर बनले, नाही तर परभणी. आणि परभणीलाही न बनले तर नांदेड किंवा अंबाजोगाई.

तिथे सोनोग्राफी होते. ध्वनिलहरी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांतून जातात आणि चित्र उमटते. हवेतून त्या नीट जात नाहीत. आतड्यात हवा जास्त असली की स्वादुपिंड झाकले जाते, आणि डॉक्टर प्रामाणिकपणे तसे लिहितो : आतड्यातील वायूमुळे अमुक अवयव दिसला नाही. हा कागद घेऊन रोगी विजयी मुद्रेने परत येतो. दोन हजार रुपये गेले तरी हरकत नाही, मशीनमध्येसुद्धा गॅसच आला.

शौचाच्या तपासणीसाठी आता झाकणाची डबी मिळते. पूर्वी नमुना काडेपेटीतून यायचा आणि प्रयोगशाळेत काडेपेटी कोणी उघडायची यावर वाद व्हायचा. एंडोस्कोपीला रोगी सर्वांत जास्त भितो. १८६८ साली जर्मनीत कुसमाऊल यांनी पहिल्यांदा सरळ नळी जठरात घातली, तेव्हा तलवार गिळून दाखवणाऱ्या कसरतपटूची मदत घ्यावी लागली होती. १९५७ साली हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची वाकणारी दुर्बीण बनवली आणि कसरतपटूंची गरज संपली. सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवायला सांगितलेले असते. रोगी शपथेवर उपाशी असतो. दुर्बिणीत चहा दिसतो. चहाला खाणे कोण म्हणते?

दुर्बिणीत अल्सर दिसला की नातेवाईक मिरचीच्या ठेच्यावर खटला भरतात. ठेच्याने जळजळ वाढते हे खरे, पण अल्सरचा मुख्य आरोपी वेगळा आहे. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातल्या एका वळणदार जंतूवर बोट ठेवले. कोणी विश्वास ठेवेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन घेतले. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि जठराला सूज, सगळे आले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. ठेच्याची निर्दोष सुटका झाली, पण गावात ती अजून कळवलेली नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आली की नकार येतो, आणि त्यासाठी थोरामोठ्यांचा दाखला देतात : गांधीजी पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवायचे. ते ठेवायचेच. पण येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्स सुजले तेव्हा १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या पोटावर शस्त्रक्रियाच केली. वादळात वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. कंदिलाचा दाखला मात्र कोणी देत नाही.

उपचारांचा शेवट पथ्याने होतो. पथ्यात भाकरी चालते का, हा प्रश्न ज्वारीच्या मुलखात विचारला जातो याचे आश्चर्य वाटायला हवे. गव्हातल्या ग्लुटेनने काहींच्या लहान आतड्याला इजा होते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात गहू मिळेनासा झाला आणि असा आजार असलेली काही मुले सुधारू लागली, तेव्हा डॉ. डिके यांचा गव्हावरचा संशय पक्का झाला. ज्वारीत ग्लुटेन नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाणही काढले आहे. पुण्यात हीच भाकरी ग्लुटेनमुक्त म्हणून महाग मिळते आणि पोखर्णीत आजाऱ्याला हलके म्हणून मैद्याचा ब्रेड आणि बिस्किटाचा पुडा आणतात.

अल्सरच्या जंतूवरची औषधे बहुधा १४ दिवस घ्यायची असतात. चौथ्या दिवशी आग थांबते आणि औषधही थांबते. उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात जातात आणि पुढे घरात कोणाचेही पोट दुखले की वयानुसार अर्धी किंवा पाऊण गोळी वाटली जाते. जंतू गेले की नाही हे बघायला औषध संपल्यावर चार आठवड्यांनी फेरतपासणी करायची असते. तिला रोगी येत नाही. बरा झाला असेल तर येण्याचे कारण उरत नाही. झाला नसेल तर त्याने दुसरा डॉक्टर धरलेला असतो आणि तिथे पहिल्याची फाईल दाखवायची नसते, म्हणून सोनोग्राफी पुन्हा होते आणि तीत पुन्हा गॅसच निघतो.